मदत हवी आहे: लोखंडी पलंगाला लावलेला एनएफसी टॅग वाचतच नाही (आप्पांच्या मोटरसाठी)

तापीकाठ

नमस्कार मंडळी.

मी नोकरीला जळगावात, शेती चोपडा तालुक्यात. केळी आणि थोडा कापूस. शेती आप्पाच बघतात, वय ७१. विहिरीवरच्या मोटरला सिमवाला स्टार्टर बसवलाय. त्या नंबरला फोन लावला की बाई बोलते, "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा." मला सोपं, आप्पांना नाही. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उजेडात स्क्रीन दिसत नाही. आणि फोन कानाला लावून बाई काय म्हणते ते ऐकायचं, मग फोन खाली घेऊन आकडे शोधायचे, तोवर बाई फोन ठेवते. रात्रपाळीची लाईट असली की बारा-एकला उठून हे सगळं. मग मला फोन. मी जळगावातून मोटर चालू करतो, पण झोप दोघांचीही जाते.

म्हणून ऑनलाइन एनएफसी टॅगचं पाकीट मागवलं. गोल स्टिकर आहेत, आत बारीक चिप; फोन टेकवला की चिपवर लिहिलेलं फोन वाचतो. चिपचा प्रकार एनटॅग २१३. डोक्यात होतं की एक टॅग पलंगाला लावायचा, फोन टेकवला की मोटर चालू. दुसरा बंद करायला. आप्पांच्या फोनमध्ये एनएफसी आहे, सेटिंगमध्ये चालूही केलंय.

अडचणी अशा:

टॅगवर फोन नंबर लिहिला. टेबलावर ठेवून माझ्या फोनने वाचला, झकास. ओसरीतल्या पलंगाच्या पट्टीला चिकटवला तर मेल्यासारखा. काढून परत टेबलावर ठेवला तर पुन्हा जिवंत. आप्पांचा फोन मात्र टेबलावरही वाचत नाही.

शिवाय माझ्या फोनने वाचल्यावर नंबर नुसता डायलरमध्ये येतो, कॉल लागत नाही. हिरवं बटण दाबावंच लागतं. आणि ते "एक दाबा" कोण दाबणार?

आप्पा म्हणतात, "हाई काय शे? माले जमत नई भो, तू तुनं काम कर." पण मी आता हट्टाला पेटलोय. कुणी केलंय का असं काही?

धुळेकर

स्टार्टर ऑटोवर का ठेवत नाही? लाईट आली की मोटर आपोआप सुरू. टॅगबिग कशाला.

तापीकाठ

ठेवून बघितलं दादा. रात्रीतून चार वेळा लाईट जाते-येते आणि दर वेळी मोटर पुन्हा सुरू होते. मे महिन्यात आमच्या विहिरीला तीन तासांवर पाणी टिकत नाही. आप्पांना तास मोजून पाणी द्यायचं असतं. म्हणून चालू-बंद हातातच हवं.

खटपट्या

पलंगाचं कोडं सोपं आहे. पट्टी लोखंडी आहे ना? मग साधा टॅग चालणारच नाही.

टॅगमध्ये बॅटरी नसते. फोनमधली कॉइल १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातून टॅगच्या कॉइलला वीज मिळते आणि तो आपली माहिती परत पाठवतो. हे सगळं जेमतेम तीन-चार सेंटीमीटरच्या आत. मागे धातू आला की त्या क्षेत्राने धातूत उलटे प्रवाह फिरतात, ते मूळ क्षेत्रच मारून टाकतात. टॅग खराब झालेला नाही, उपाशी आहे.

धातूवर लावायचे वेगळे टॅग मिळतात. 'ऑन-मेटल' म्हणून शोधा. त्यांच्या पाठीला फेराइटचा, म्हणजे ते क्षेत्र धातूपर्यंत जाऊ न देणारा, थर असतो. थोडे महाग आणि जाड असतात. तोवर टॅग आणि लोखंडात सेंटीमीटरभर जाडीचं काहीतरी घाला. रबर, लाकूड, थर्माकोल, काहीही चालेल, फक्त धातू नको. चंदेरी वेष्टनाचा कागदही नको, त्यातही ॲल्युमिनियम असतं.

आप्पांचा फोन टेबलावरही का वाचत नाही ते वेगळं बघावं लागेल. कव्हर कसलं आहे?

गिरणाकाठची

आधी कव्हर काढून बघा भाऊ. आणि अँटेना कुठे आहे ते शोधा. बहुतेक अँड्रॉइडमध्ये पाठीवर कॅमेऱ्याच्या आसपास किंवा मध्यावर असतो, आयफोनमध्ये वरच्या कडेला. आम्ही आईच्या औषधाच्या डब्याला टॅग लावला तेव्हा पंधरा मिनिटं फोनचा खालचा भाग घासत बसलो होतो. 😄

तापीकाठ

कव्हर काढलं आणि लाज वाटली.

ट्रॅक्टरमध्ये फोन लावायला चुंबकाचा होल्डर घेतला होता. त्याची गोल लोखंडी पट्टी मीच दिवाळीत कव्हरच्या आत सरकवून दिली होती. बरोबर कॅमेऱ्याखाली. ती काढली, फोन टेकवला आणि टिंग झालं. आप्पा बाजूला उभे. म्हणे, "तूच घालं व्हतं ना ते?"

आता ट्रॅक्टरला दुसरा होल्डर बघावा लागेल, कडेने पकडणारा. ते राहू दे.

पलंगाचंही जमलं. आईच्या जुन्या स्लिपरचा तळ कापून गोल तुकडा केला, तो पट्टीला चिकटवला आणि वर टॅग. वाचतो! तीन बोटांवरून नाही, पण टेकवल्यावर वाचतो.

आता कॉलचं सांगा.

खटपट्या

फोन नंबर लिहिलेला टॅग डायलर उघडून थांबतो, हे मुद्दामच तसं ठेवलंय. नाहीतर कुठल्याही भिंतीवरच्या टॅगने तुमच्या फोनवरून कुणालाही कॉल लावला असता. म्हणून काम टॅगवर न लिहिता फोनमध्ये लिहायचं.

मॅक्रोड्रॉइड नावाचं ॲप घ्या. फुकटात पाच मॅक्रो (म्हणजे 'हे झालं की ते कर' अशा सूचना) करता येतात, तुम्हाला दोनच हवेत. ट्रिगर म्हणून एनएफसी टॅग निवडा, ॲपमधूनच टॅगला नाव द्या ('मोटर चालू') आणि टॅग लिहा. ॲक्शन म्हणून कॉल. कॉलची परवानगी मागेल, ती द्या.

आता "एक दाबा". नंबरच्या पुढे स्वल्पविराम टाकले की फोन दर स्वल्पविरामाला सुमारे दोन सेकंद थांबतो आणि मग पुढचा आकडा स्वतः दाबतो. म्हणजे नंबर, मग तीन-चार स्वल्पविराम, मग १. दुसऱ्या मॅक्रोत शेवटी २. कॉन्टॅक्ट सेव्ह करताना 'पॉज' निवडला तरी हाच स्वल्पविराम पडतो.

किती स्वल्पविराम लागतील ते बाई किती बोलते त्यावर. आमच्या गावच्या स्टार्टरची बाई आधी कंपनीचं नाव, मग स्वागत, मग मोटरची अवस्था, मग व्होल्टेज सांगते. मला सात लागले.

फेज_गेली

दोन गोष्टी सुटल्या. एक, आप्पांच्या फोनमध्ये दोन सिम असतील तर फोन प्रत्येक वेळी "कोणत्या सिमवरून?" विचारेल आणि सगळा खेळ तिथेच अडेल. स्टार्टरमध्ये जो नंबर नोंदवलाय ते सिम कॉलसाठी कायमचं ठरवून टाका. दुसरं, काही फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप मारून टाकतात. मॅक्रोड्रॉइडला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाहीत' करा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. नाहीतर दोन दिवस चालेल आणि तिसऱ्या रात्री नाही. मग म्हणाल टॅगच वाईट.

धुळेकर

पण फोन लॉक असताना चालेल का? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

खटपट्या

बरोबर. अँड्रॉइडमध्ये साधारणपणे स्क्रीन चालू आणि लॉक उघडलेलं असल्याशिवाय टॅग वाचला जात नाही. खिशातल्या फोनने येता-जाता काहीबाही वाचू नये म्हणून. घराचं ठिकाण 'एक्स्टेंड अनलॉक'मध्ये टाकता येतं, पण तेही एकदा उघडल्यावर चार तासच उघडं राहतं. रात्री बाराला उपयोग नाही.

तापीकाठ

इथे जरा लांबण लावतो, कारण खरी गंमत इथेच आहे.

बोटाचा ठसा आप्पांना कधीच चालला नाही. केळीच्या चिकाने बोटं काळी आणि वर भेगा. फोन म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. त्यामुळे पॅटर्न आहे. माझ्या मनात आलं, लॉकच काढून टाकावं. तसं बोललो तर आप्पांनीच हात आडवा केला. त्याच फोनवर यूपीआय आहे, मजुरांचे पैसे त्यावरूनच जातात. "ते कुलूप राहू दे, ते माले येतं." खरंच येतं. अंधारात, न बघता, अंगठ्याने एका दमात काढतात. मी उगाच त्यांना अडाणी धरून चाललो होतो. त्यांची अडचण आकडे शोधण्याची होती, कुलपाची नव्हती.

आता स्वल्पविरामांची कथा. तीन टाकले तर बाई "नमस्कार" म्हणत असतानाच फोनने १ दाबला, तो वाया. पाच टाकले, तरी लवकर. सहाला मोटर चालू झाली. विहिरीजवळ उभ्या असलेल्या पुतण्याने ओरडून सांगितलं. मग बंदचा मॅक्रो, तिथे सहा टाकले तर उशीर! मोटर चालू असताना बाई वेगळंच आणि कमी बोलते. तिथे चार लागले. संध्याकाळभर मोटर चालू-बंद, चालू-बंद. शेजारचे काका विचारून गेले, "लाईटचं काही बिघडलं का रे भो?"

रात्री अंधारात कोणता टॅग चालूचा आणि कोणता बंदचा, हे आईने सोडवलं. चालूच्या टॅगवर शर्टाचं बटण चिकटवलं, बंदचा तसाच सपाट. बटण प्लास्टिकचंच घ्या, पँटचं पितळी नको. मी तेच उचललं होतं, बरं झालं आधी आठवलं.

गिरणाकाठची

बटणाची युक्ती मी ढापणार. आईच्या डब्यावर आता सकाळ-संध्याकाळ असे दोन टॅग आहेत आणि ती रोज विचारते कोणता कुठला.

विचारायचं होतं, माझा आयफोन आहे. त्यात मॅक्रोड्रॉइड नाही ना?

फेज_गेली

नाही ताई, पण गरजही नाही. आयफोन एक्सएस किंवा एक्सआरपासून पुढच्या फोनमध्ये शॉर्टकट्स ॲपच्या ऑटोमेशनमध्ये एनएफसी आहे. टॅग स्कॅन करून नाव द्यायचं, मग काम निवडायचं. तो टॅगवर काही लिहीत नाही, टॅगचा मूळचा क्रमांकच ओळखतो. 'लगेच चालवा' निवडायला विसरू नका, नाहीतर दर वेळी विचारेल.

धुळेकर

दुकानात एक टॅग लावून टेकवला की वायफाय चालू, निघताना टेकवला की बंद, असं करायचं होतं. मॅक्रोड्रॉइडमध्ये होईना.

खटपट्या

अँड्रॉइड १० पासून नव्या ॲपना वायफाय स्वतः चालू-बंद करू देत नाहीत. ते सोडून द्या. गिऱ्हाइकाला पासवर्ड सांगत बसायचं नसेल तर टॅगवर वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहिता येतो, अँड्रॉइडवाल्याने टेकवलं की जोडायचं का विचारतो. पण तो टॅग काउंटरवर चिकटवण्याआधी फक्त-वाचनीय करा, नाहीतर एखादं पोर त्यावर दुसरंच काहीतरी लिहून जाईल. एकदा तसा केला की तो परत कधीच बदलता येत नाही, म्हणून पासवर्ड नक्की झाल्यावरच करा.

तापीकाठ

पंधरा दिवसांनी कळवतोय. रात्रपाळीचा एक आख्खा आठवडा गेला. मला रात्री एकही फोन नाही. एकदाच मोटर चालू झाली नाही, पण तेव्हा स्टार्टरलाच रेंज नव्हती. उन्हाने ओसरीतल्या टॅगचा गोंद सुटायला लागला होता, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली. चिपला काही झालेलं नाही.

आता आप्पांची नवी मागणी. रोज सकाळी त्यांच्या केळी उत्पादकांच्या ग्रुपवर बऱ्हाणपूर आणि रावेरचे भाव येतात. तेवढा एक ग्रुप शोधायला त्यांना पाच मिनिटं लागतात, कारण वर नातेवाइकांच्या शुभ सकाळच्या फुलांचा ढीग. टॅगवरून व्हॉट्सॲपचा ठरावीक ग्रुप थेट उघडतो का?

फेज_गेली

ग्रुपची आमंत्रणाची लिंक ॲडमिनकडून घ्या आणि ती टॅगवर साधी लिंक म्हणून लिहा. आप्पा आधीच ग्रुपात असतील तर लिंक सरळ ग्रुप उघडते. एनटॅग २१३ मध्ये १४४ बाइट जागा असते, लिंक आरामात मावते. फक्त तो टॅग घराबाहेर नको, ज्याचा फोन टेकेल त्याला ग्रुपात शिरायची वाट मिळेल. आणि ॲडमिनने लिंक बदलली की टॅग नव्याने लिहायचा.

तापीकाठ

लिहिला, उघडतो. आज सकाळी चहाच्या आत भाव बघून झाले.

टॅग कुठे लावायचा विचारलं तर आप्पा म्हणाले, चष्म्याच्या डबीवर, ती कायम खिशात असते. लावला. वाचेना. डबी खरवडून बघितली, रंगाखाली पत्रा.

स्लिपरचा दुसरा पाय आईने लपवून ठेवलाय. ऑन-मेटल टॅग मागवतो.