मदत हवी आहे: बातमीपत्रांच्या कोडिंगमध्ये दोघांचं जुळतच नाहीये

नमस्कार मंडळी. मी टीव्ही पत्रकारिता शिकवते आणि सध्या बातमीपत्रांतल्या बाइट्सवर (म्हणजे बातमीत वापरलेल्या, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजातल्या तुकड्यांवर) संशोधन करतेय. माध्यम-अभ्यासक डॅनियल हॅलिन यांचा अभ्यास इथे अनेकांना माहीत असेल: अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवाराचा सलग बाइट १९६८ मध्ये सरासरी ४३ सेकंदांचा होता, १९८८ मध्ये तो ९ सेकंदांवर आला. तशीच मोजणी मला करायची आहे.

सेकंद मोजणं सोपं वाटलं होतं. पण आवाज बोलणाऱ्याचा आणि पडद्यावर दृश्यं भलतीच, असं असेल तर तो बाइट धरायचा का? मी धरते, शब्द त्याचेच असतात म्हणून.

खरी अडचण आहे 'सूर' (बातमीचा कल अनुकूल की प्रतिकूल) या रकान्यात. दोन विद्यार्थी एकमेकांचं न बघता कोडिंग करतात, म्हणजे प्रत्येक बातमीची ठरलेल्या रकान्यांत नोंद करतात. विषय आणि कालावधी यांत क्रिपेनडॉर्फचा अल्फा (कोडरांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८० च्या वर जातो; सूर आला की थेट ०.५८! ०.६६७ च्या खाली गेलं की निष्कर्ष काढू नयेत, एवढं ठाऊक आहे. सुराच्या पाच पर्यायांचे तीन करावेत, की व्याख्या नीट लिहून पुन्हा सराव घ्यावा? जुन्याच क्लिप्स दिल्या तर मुलं उत्तरं लक्षात ठेवतात (ही चूक करून झाली आहे).

शिवाय दोघंही माझ्याच वर्गातले, त्यामुळे मॅडमना काय हवंय याचा अंदाज त्यांना येत असणार. बाहेरचे कोडर कुणी घेतलेत का? त्यांच्या प्रशिक्षणाला किती वेळ लागला? कोडबुकमधला (कोडिंगच्या नियमांच्या पुस्तिकेतला) फक्त सुराचा भाग पाठवलात तरी चालेल.