‘स्ट्रेंजर थिंग्ज’, पहिला सीझन: काय जमलंय, काय फसलंय? (स्पॉयलर आहेत)

उंबरठा
उशिरा का होईना, आठही भाग बघून झाले. मालिका २०१६ची, काळ नोव्हेंबर १९८३चा, गाव इंडियानातलं हॉकिन्स. पोस्टरं आणि सायकलींवर भरपूर लिहून झालंय, म्हणून तीन वेगळ्या शंका. सातव्या भागात प्लास्टिकच्या टबात मीठ ओतून इलेव्हनला (मनाच्या शक्ती असलेली मुलगी) तरंगवतात, बाहेरच्या जाणिवा बंद व्हाव्यात म्हणून, ते खरंच होईल का? चित्र जुन्या फिल्मसारखं दिसतं ते कशामुळे, आणि आमच्या टीव्हीवर अंधारातले प्रसंग चिखल का दिसतात? शिवाय त्या शीर्षकसंगीतात असं आहे काय, की डोक्यातून जात नाही?

खारवट
तरंगेल की! हिशेब मात्र गंडलाय. पोरांचे विज्ञानाचे क्लार्क सर फोनवर पंधराशे पाउंड मीठ सांगतात, म्हणजे ६८० किलो. लिटरभर पाण्यात साधं मीठ ३६० ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. सहा फुटी गोल टबात फूटभर पाणी धरलं तर साधारण ८०० लिटर, म्हणजे २९० किलोच्या आत खेळ संपला. उरलेलं तळाशी बसणार आणि पोरीच्या पाठीला टोचणार. पण तेवढ्यानेही पाण्याची घनता १.२ होते, शरीराची १च्या जवळपास असते, त्यामुळे बुडायचा प्रश्नच नाही.

अशा तरंगायच्या खऱ्या टाक्यांत एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) घालतात. ते जास्त विरघळतं आणि त्वचेला कमी जाचतं. पाणी ३४-३५ अंशांवर, कातडीच्या तापमानाइतकं ठेवायचं. त्याहून गार झालं की आपलं अंग कुठे संपतं ते कळायला लागतं, मग सगळा खटाटोप वाया. मीठ विरघळताना पाणी गार होतं, म्हणून सुरुवातीला थोडं जास्त गरम घ्यायचं, सगळं ढवळून झालं की थर्मामीटर बुडवायचा. चिकटपट्टी लावलेला गॉगल मात्र अगदी बरोबर: उजेड बंद, आणि डोळ्यांत खारं पाणी जात नाही.

दाणेदार
चित्रीकरण डिजिटलच आहे, रेड ड्रॅगन कॅमेऱ्यावर. फिल्मचा दाणा (जुन्या फिल्मवर दिसणारे बारीक ठिपके) नंतर वरून चढवलाय. तुमचा टीव्ही त्या दाण्याला कचरा समजून पुसतो, आणि चेहरे मेणाचे होतात. पिक्चर सेटिंगमध्ये फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा, नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद (ते चालू असलं की हॉकिन्सची सासू-सुनेची मालिका होते). ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ही बंद करा, काळ्यातले बारकावे तोच खातो. एवढं करूनही अंधारात चौकोन दिसले तर दोष स्ट्रीमचा. अॅपमधला डेटा सेव्हर काढा.

पांढरी_पाच
संगीत काइल डिक्सन आणि मायकल स्टाइन यांचं. पेटीवर पांढरी एक सा धरा आणि वाजवा: सा ग प नी सां नी प ग, परत तेच. सगळे शुद्ध स्वर, भीतीदायक काहीच नाही! गंमत सिंथच्या (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक वाद्य) फिल्टरमध्ये आहे. तो उघडत नेला की तेच स्वर चकाकतात, मिटला की घोंगडीखालून आल्यासारखे वाटतात. पेटीवर तेवढं मिळणार नाही.

अवांतर: पहिल्या भागात पोरं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ खेळतात, त्यातला फासा वीस बाजूंचा. विल या मुलाला फायरबॉलसाठी (आगीच्या गोळ्याचा मंत्र) तेरा किंवा जास्त हवे, म्हणजे शक्यता ४० टक्के. पडतात सात.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, मोड बदलल्यावर माणसं माणसांसारखी दिसायला लागली. पण त्या काळच्या नियमांत फायरबॉलला नेम लागतो का पाहायला फासा टाकावा लागायचा का?

पांढरी_पाच
नाही, तिथे लेखकांनी सूट घेतलीय. फायरबॉल टाकला की लागलाच; फासा समोरच्याने टाकायचा, नुकसान निम्म्यावर आणायला. आणि खेळातल्या डिमोगॉर्गन या राक्षसाला डोकी दोन असतात. खेळ चालवणारा माइक पटावर आपटतो त्या बाहुलीलाही दोनच आहेत, नीट थांबवून बघा.