सामान्य लोकांच्या कॅमेऱ्यांवरून परिसरातील हवामानाची नोंद कितपत भरवशाची ठरेल?

खिडकीकाठ:
हवामान केंद्रे एकमेकांपासून इतकी दूर असतात की एखादी जोरदार सर दोन केंद्रांच्या मधून निघून जाते आणि कोणत्याच नोंदवहीत उमटत नाही. भूस्थिर उपग्रह दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र पाठवतात खरे, पण ते ढगांना वरून पाहतात. ढगाखाली कुठवरचे दिसते आहे, हे त्यांना नीट कळत नाही. उलट बाहेर रोखलेले कॅमेरे आता असंख्य घरांवर आहेत. त्यांच्या मालकांनी ठरावीक वेळाने एकेक चित्र स्वखुशीने दिले, तर धुके, पाऊस आणि ढग यांचा गल्लीपातळीवरचा नकाशा तयार होऊ शकेल का? अशा चित्रांतून आकडे निघतात, की केवळ ‘ढगाळ’, ‘स्वच्छ’ असे शेरेच मारता येतात? आणि कॅमेऱ्यांची संख्या वाढली की चुका आपोआप कमी होतात, हे गृहीत धरावे का?

दूरक्षितिज:
दृश्यमानतेपुरते उत्तर ‘होय, आकडे निघतात’ असे आहे. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ साली मांडलेला नियम असा की, दूरच्या काळपट वस्तूचा तिच्यामागील आकाशाशी असलेला उठाव (म्हणजे दोघांच्या उजळतेतला फरक भागिले आकाशाची उजळता) अंतराबरोबर ठरावीक दराने घटत जातो. समजा, ४ किलोमीटरवरील एका गडद डोंगरकड्याची उजळता १६० आणि त्याच्या लगतच्या आकाशाची २०० भरली. उठाव ४० भागिले २००, म्हणजे ०.२ झाला. यावरून हवेचा क्षीणन गुणांक (हवा प्रकाश किती झपाट्याने क्षीण करते याचे माप) दर किलोमीटरला सुमारे ०.४ येतो आणि उठाव ५ टक्क्यांवर उतरण्याचे अंतर, म्हणजेच दृश्यमानता, साधारण साडेसात किलोमीटर ठरते. हा आकडा १ किलोमीटरखाली गेला की त्या स्थितीला धुके म्हणतात.

दोन्ही मोजमापे एकाच चित्रातली असल्यामुळे कॅमेऱ्याने स्वतःहून एक्स्पोजर बदलले तरी गुणोत्तर फारसे बिघडत नाही. मात्र चित्रातील पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतो. तो आधी रेषीय, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात, करून घ्यावा लागतो. शिवाय अलीकडचे फोन चित्र खुलवण्याच्या नादात धूसरपणा परस्पर पुसून टाकतात. आपल्याला मोजायची असलेली गोष्टच फोन मोठ्या कर्तव्यदक्षतेने नाहीशी करतो, त्यामुळे फोनपेक्षा भिंतीवर पक्का बसवलेला साधा कॅमेरा मला अधिक उपयुक्त वाटतो.

पर्जन्यवही:
पावसाच्या बाबतीत मात्र अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो. शटर १/५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो १८ सेंटिमीटर खाली येतो आणि चित्रात थेंबाऐवजी रेघ उमटते. या रेघांवरून पाऊस कधी सुरू झाला आणि कधी थांबला हे चांगले कळते, परंतु किती मिलिमीटर पडला हे साध्या कॅमेऱ्यावरून खात्रीने सांगता येत नाही. रात्री इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात भिंगाजवळचा बारीक तुषारही मुसळधार भासतो. भिंगासमोर कोळ्याने जाळे विणले असेल, तर संगणक कोरड्या रात्रीही पाऊस नोंदवत बसतो!

प्रमाण हवे असेल, तर पर्जन्यमापकाला पर्याय नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथे जुलै १९९७ मध्ये जो पूर आला, त्या वेळी एकाच शहराच्या दोन टोकांच्या पावसात प्रचंड तफावत होती. त्यातूनच १९९८ साली ‘कोकोराज’ हे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि त्यांनी ४ इंच व्यासाचा साधा पर्जन्यमापक वापरला. माझ्या मते पर्जन्यमापकाने प्रमाण सांगावे, कॅमेऱ्याने वेळ सांगावी.

मेघमापक:
पर्जन्यवही यांच्याशी सहमत. संख्येच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

प्रत्येक कॅमेऱ्याची चूक वेगळी आणि स्वैर असेल, तर शंभर कॅमेऱ्यांच्या सरासरीत ती सुमारे दहाव्या भागावर येते. पण एकाच बनावटीचे सगळे कॅमेरे आकाश वाजवीपेक्षा निळे दाखवत असतील, तर ते शंभर असोत वा लाख, ढगांचे आच्छादन कमीच भरणार. याहून मोठी अडचण माणसांची आहे. काळेकुट्ट ढग दाटले की चित्रांचा पूर येतो आणि निरभ्र दुपारी कोणी खिडकीतून डोकावतही नाही, त्यामुळे हाती येणाऱ्या संग्रहात वादळांचे प्रमाण अवास्तव वाढते. म्हणून वेळापत्रकाने आपोआप घेतलेले, काहीही न घडल्याचे चित्रही तितकेच मोलाचे मानावे. हौशी छायाचित्रांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ‘ॲस्पेरिटास’ हा लाटांसारखा ढगप्रकार २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मेघकोशात समाविष्ट झाला, त्यामागे हौशी लोकांनी टिपलेली चित्रेच होती. परंतु दुर्मीळ प्रकार शोधणे वेगळे आणि दैनंदिन नोंद ठेवणे वेगळे.

अवांतर: शेजाऱ्यांची दारे-खिडक्या चित्रात येणार असतील, तर केवळ आकाश आणि दूरची खूण ठेवून उरलेला भाग कॅमेऱ्यातच कापावा, किंवा हिशेब घरच्या यंत्रावर करून फक्त आकडे पुढे पाठवावेत. चेहरे नंतर धूसर करू, हे आश्वासन मला पुरेसे वाटत नाही.

खिडकीकाठ:
आपणा सर्वांचे आभार. सुरुवात पाच-सहा कॅमेऱ्यांनी करायची असेल, तर सर्वांत आधी काय तपासावे?

दूरक्षितिज:
प्रत्येक चौकटीतील दूरच्या खुणेचे अंतर नकाशावर मोजून घ्यावे आणि सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे इंटरनेटवरून जुळवावीत. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सर ज्या दिशेने सरकते आहे त्याच दिशेत ३ किलोमीटर अंतरावर असलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी दुसऱ्याने ती ६ मिनिटांनंतर टिपली, तर तिचा वेग ताशी ३० किलोमीटर ठरतो. एका घड्याळात दोन मिनिटांची चूक असली, तर तोच वेग ४५ किंवा साडेबावीस येईल. एका रेषेत नसलेला तिसरा कॅमेरा मिळाला, तर सरीची दिशाही काढता येते.