मदत हवी आहे: हरभऱ्यात रोपे कापणारी अळी, इप्सिलॉन की सेगेटम?

काळीमाती: हरभरा 20 दिवसांचा. सकाळी रोपे जमिनीलगत कापून आडवी पडलेली दिसतात. बुंध्याशी माती उकरली की राखी-काळपट अळी सापडते, हात लावताच वेटोळे करते. नोंदीत शास्त्रीय नाव अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉन लिहावे की अ‍ॅग्रोटिस सेगेटम? हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीशी नाते काय? एका यादीत 'वाय'ने सुरू होणारे 'इप्सिलॉन' आहे, ते वेगळे का?

भिंगवाला: वेगळे नाही. नाव देणाऱ्या हुफ्नागेलने 1766 मध्ये 'आय'नेच लिहिले होते, 'वाय' नंतर शिरला. घाटेअळी आणि ही, दोघींचे कुळ नॉक्ट्युइडी. उपकुळ मात्र वेगळे: घाटेअळी हेलिओथिनीतली, ही नॉक्ट्युइनीतली.

प्रसारावरून निवाडा होणार नाही. सेगेटम युरोप, आफ्रिका, आशियात. इप्सिलॉन अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत. भारतात दोन्ही आहेत. कामगंध सापळ्यावरही (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा) विसंबू नका, दोघींच्या गंधातली काही रसायने सारखीच.

अळीचा पुढे पतंग होतो, तो बघा. इप्सिलॉनच्या पुढच्या पंखावर, मूत्रपिंडासारख्या ठिपक्याच्या बाहेर, काळी पाचर असते आणि कडेकडून तिच्याकडे रोखलेल्या आणखी दोन. सेगेटमला या पाचरी नसतात. तिच्या नराचे मागचे पंख पांढरेशुभ्र.

म्हणजे अळी पाळणे आले. बरणीत 5-7 सेंमी ओलसर माती, वर मलमल, रोज ताजा पाला. माती चिखलासारखी झाली की कोषाला बुरशी लागते. पतंग निघून पंख वाळले की लगेच फ्रीजरमध्ये; फडफडत राहिला तर खवले झडतात आणि नेमक्या पाचरीच जातात. अळीचा नमुना ठेवायचा तर आधी उकळत्या पाण्यात टाका, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेली काळी पडते, मग बघणार काय?

काळीमाती: एका बरणीत चार-पाच ठेवल्या तर?

भिंगवाला: एकमेकींना खातात. बरणीला एकच.

बांधावर: नाव ठरेपर्यंत रान वाचवा. संध्याकाळी ओळींत गवताचे छोटे ढीग टाका, उजाडताच उचलून खालच्या अळ्या वेचा. कापलेल्या रोपाजवळही उकरा. मेलेल्या रोपाशी नसली तर शेजारच्या रोपाखाली असते. भर दुपारी फवारून उपयोग नाही, ती तेव्हा मातीत असते. मुळे खाल्लेली आणि रोप उभेच वाळलेले दिसले तर मात्र हुमणी (मुळे खाणारी भुंग्याची अळी) शोधा.