5 जुलैच्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?

पात्रता फेरीचे सामने कोण बघतं? पण 2025 च्या त्या शनिवारी चियांग माईत भारत-थायलंड महिला फुटबॉल सामना चालू असताना गोव्यातले किती जण मोबाइलला डोळे लावून होते, ते मला ऐकायचंय. दोघांचे तीन-तीन विजय, गोलफरकही (केलेले वजा खाल्लेले गोल) दोघांचा 22, आणि आशियाई चषकाला गटातून जाणार एकच. क्रिकेटवाल्यांनाही मज्जाव नाही.

साखळीहून
दुसऱ्या दिवशी आषाढी. देवळात पखवाजाला कणीक लावणं चाललं होतं आणि मी मंडपाच्या कडेला, मोबाइल ओढणीखाली. 28 व्या मिनिटाला संगीता बासफोरने गोल मारला तेव्हा नेमका गजर सुरू झालेला. ओरडायची सोय नाही, नुसता पाय आपटला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली आणि इकडे वीज गेली. (पावसात आमच्याकडे ते ठरलेलंच.) नेटही लंगडायला लागलं. 74 व्या मिनिटाला चित्र गोठलं ते एका मुलीचा पाय हवेत असतानाच. सुटलं तेव्हा आपल्या मुली एकमेकींच्या अंगावर. गोल मी पाहिलाच नाही! शेजारच्या आजी वाकून बघत होत्या.
"कोणाची गो ती?"
"बंगालची, कल्याणीची. दोन्ही गोल तिचेच."
"मग हळू कित्याक सांगता?"

नेरूळहून, मूळची फोंड्याची
मला 2022 आठवत होतं. आशियाई चषक आपल्याकडे, स्टेडियम माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतकं. इराणशी 0-0, मग संघात कोरोना शिरला आणि चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) नियमाला लागणाऱ्या 13 मुलीही उभ्या करता येईनात. स्पर्धेतूनच बाहेर. यजमान म्हणून मिळालेली जागा अशी गेली. म्हणून या पात्रता फेरीत मंगोलियाला 13-0 ने लोळवलं तरी मी हुरळले नाही. थायलंडविरुद्ध शेवटची शिट्टी झाली, तेव्हा कुठे घरी फोन लावला.

मडगावहून
2022 च्या ऑक्टोबरात फातोर्ड्याला सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्डकपच्या दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी बसून पाहिलेला मी. हा सामना झोपेत घालवला. काय बोलणार!

पेडण्याहून
मी ड्युटीवर होते, निकाल बसमध्ये कळला. आणि आठवली ती आमची गावची स्पर्धा. पुरुषांच्या फायनलआधी मुलींचा 'प्रदर्शनीय सामना', पंधरा-पंधरा मिनिटांचा. कपडे बदलायला जागा नाही. मैदानामागच्या घरातल्या काकींनी स्वयंपाकघर उघडून दिलं. चुलीवर पेज रटरटतेय आणि आम्ही अकरा जणी एकमेकींकडे पाठ करून जर्सी चढवतोय. जिंकलो. पुरुषांना रोख रक्कम, आम्हाला एकेक कॅसरोल. आयोजकांना वाटलं असेल, पोरी खूश होतील. आई खूश झाली हे खरं, भाकऱ्या अजून त्यातच असतात.