सोयाबीनच्या मुळांना गाठीच नाहीत, युरिया टाकू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, औसा तालुक्यात आमचं चार एकर सोयाबीन आहे, पेरून आज २४ दिवस झाले. काल कोळपणी चालू असताना पाच-सहा झाडं उपटून बघितली तर दोन झाडांना मोहरीएवढ्या तीन-चार गाठी, बाकी मुळ्या साफ. एक गाठ नखाने फोडली तर आतून पांढरी. आतून गुलाबी असली तरच ती नत्र बनवते, त्यामुळे कालपासून घोर लागलाय.

चूक कदाचित माझीच. बियाण्याला बुरशीनाशक चोळलं आणि ते वाळायच्या आतच गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर) लावलं, कारण आभाळ भरून आलं होतं आणि ट्रॅक्टरवाला थांबेना. त्यात पाकीट आठवडाभर पत्र्याच्या खोलीत होतं, दुपारी तिथं माणूस टिकत नाही तर जिवाणू काय टिकणार.

मी वाचलंय की सोयाबीनचं मूळ फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, ती ओळखून जिवाणू उलट नॉड फॅक्टर नावाचे रासायनिक संकेत सोडतात, मग मुळावरचे बारीक केस वाकून त्यांना कवेत घेतात आणि दोऱ्यासारख्या नळीतून ते आत शिरतात. म्हणजे हे सगळं कोवळ्या केसांतूनच होतं. मग आता द्रवरूप कल्चर मुळाशी सोडलं तर नवीन मुळांना तरी लागेल का? वडील म्हणतात एकरी बॅगभर युरिया फेक, पण आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरत नाही ना? लवकर सांगा, पाऊस झाला की ते टाकतील.

---

दादा, युरिया थांबवा आधी. आणि झाड उपटून बघू नका, काळ्या रानात ओढलं की गाठी मातीतच तुटून राहतात, मीपण असाच घाबरलो होतो. खुरप्याने ढेकळासकट काढा, बादलीत भिजवा, मग हलक्या हाताने धुवा. पांढरी म्हणजे मेलेली असं नाही, कोवळी गाठ आधी पांढरीच असते, आठवडाभराने परत फोडून बघा. आधी त्या रानात सोयाबीन घेतलं असेल तर मातीत जुने जिवाणू असतातच. कल्चर आता सोडलं तर थोडंफार लागेल, पण बियाण्याला लावल्यासारखं नाही. पानं कशी आहेत? खालची जुनी पानं फिकट असतील तर नत्र कमी, शेंड्याची पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, त्याला युरियाचा उपयोग नाही. फोटो टाका.