रेणूंवरून वस्तुमान काढताना उत्तर भलतंच येतंय, प्लीज हेल्प

अकरावी_सायन्स:
उद्या क्लासची टेस्ट आहे आणि मी एकाच गणितावर तासभर अडकलेय. अमोनियाच्या १.५०६ × १०^२३ रेणूंचं वस्तुमान काढायचंय. आधी ६.०२२ × १०^२३ ने (एका मोलमध्ये एवढे रेणू असतात) भागायचं मग १७ ने (अमोनियाच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन) गुणायचं एवढं कळलंय, पण मोबाइलवर दरवेळी ४.२५ × १०^४६ ग्रॅम येतंय आणि पुस्तकात मागे नुसतं ४.२५ ग्रॅम दिलंय. आकडे तर तेच आहेत, मग हा १०^४६ आला कुठून??

जुना_लॅबवाला:
अगं कंस! तू सगळं सलग टाइप केलंस ना, मग कॅल्क्युलेटर बिचारा डावीकडून सुरू करतो, ६.०२२ ने भागतो आणि शेवटच्या १०^२३ ने परत गुणून मोकळा होतो. खालची अख्खी संख्या कंसात टाक. बाकी तुझं उत्तर म्हणजे साधारण वीस लाख कोटी सूर्यांच्या वजनाएवढा अमोनिया झाला, नाकाला रुमाल लावून बस.

लॉगटेबल:
मुळात कॅल्क्युलेटर कशाला? बोर्डाला नाही मिळत, सीईटीलाही नाही. वरचा आणि खालचा १०^२३ उडव, उरलं १.५०६ भागिले ६.०२२ म्हणजे पाव मोल, आणि १७ चा पाव ४.२५. पेपर काढणारे मुद्दाम असेच आकडे घेतात, ३.०११ दिसला की अर्धा मोल, १२.०४४ दिसला की दोन.

अकरावी_सायन्स:
कंस टाकल्यावर आलं!! पण मोल मध्ये आणायचाच कशाला, एका रेणूचं वजन गुणिले रेणू असं डायरेक्ट नाही चालणार?

जुना_लॅबवाला:
चालेल की. एक रेणू १७ यू (अणू-रेणूंचं वस्तुमान मोजायचं एकक), एक यू म्हणजे १.६६ × १०^-२४ ग्रॅम, गुणून बघ, ४.२५ च येईल. पण तो १.६६ वाला आकडा म्हणजे तरी काय, १ भागिले ६.०२२ × १०^२३, म्हणजे मोल मागच्या दाराने आलाच. हार्डवेअरवाला हजार स्क्रू मोजत बसत नाही, शंभराचं वजन माहीत असतं त्यावरून तोलून देतो, तसंच हे.

लॉगटेबल:
आणि उद्या प्रश्नात 'अणू' लिहिलंय की 'रेणू' ते दोनदा वाच. ऑक्सिजनचे एवढेच अणू असतील तर ४ ग्रॅम, रेणू असतील तर ८. माझे दोन मार्क याच्यातच गेले होते.